काटी लावलेली दारं

चकलांब्याला पेपर यायचा तो शिळा होऊनच. पुण्यात छापलेला तो आठवड्याचा कागद गेवराईच्या टपालात दोन-चार दिवस लोळायचा, मग एखादा बाजारकरी त्याला धोतराच्या सोग्यात खोचून आणायचा, आणि त्रिंबकतात्या कुलकर्ण्यांच्या हाती पडेपर्यंत त्यातलं युद्ध भलतीकडंच सरकलेलं असायचं. हैदराबादेत नवे हुजूर गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि तिकडं विलायतेत मोठी लढाई चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. शिळा असला तरी गावाला त्या पेपराची चटक होती. वेशीतून आत शिरलं की समोर मारुतीचा पार. दुपारी तिथं माणसं जमायची, मूठमूठ हुरडा तोंडात टाकायची आणि दुसऱ्यांची दुःखं मन लावून ऐकायची.

पेपरात दुसरं काही नसायचंच. कुठं टोळ उतरले, कुठं गारा पडल्या, कुठं आगबोट बुडाली. चंद्रभागाबाईंचं घर पारासमोर होतं. बायकांनी पारावर जाऊन बसायची रीत नव्हती, पण कानांना कोण अडवणार? त्या उंबऱ्यात सूप घेऊन बसायच्या, दाणे पाखडता पाखडता सगळं ऐकायच्या आणि मधेच पाराकडं एखादा खडा टाकायच्या.

"तात्या, त्या पेपरात कुणाचं लगीन लागलं, कुणाची गाय व्याली, असलं कदी येत न्हाई व्हय?"

"असलं कोण छापतं चंद्राबाई? त्याला गिऱ्हाईक नसतं."

"मंग गिऱ्हाइकासाठी मरायलेत म्हणा की माणसं."

पारावर हशा उठायचा. त्यांच्या नवऱ्याला, पंडितला, बायकोच्या तोंडाळपणाची थोडी लाज आणि बराचसा अभिमान वाटायचा. तो गालात हसून दुसरीकडं बघायचा.

चंद्रभागाबाईंचं खरं वाकडं होतं ते आकड्यांशी. कुठल्याशा गावी पुरात चारशे माणसं वाहून गेली असं तात्यांनी वाचलं की त्या विचारायच्या, त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा. तात्या म्हणायचे, नावं छापत नसतात, आकडा छापतात. "नाव न्हाई, तर मेलं कोण?" असं म्हणून त्या सुपातला कोंडा फुंकून टाकायच्या. जगातल्या सगळ्या मरणांचा त्यांच्या उंबऱ्यात असा निकाल लागायचा. इतकं सोपं होतं ते, कारण मरणारं आजवर त्यांचं कुणी नव्हतं.

एक माणूस मात्र कधी हसायचा नाही. भगवानराव पाटील. तात्या वाचायला लागले की ते पागोटं सारखं करून देवळात बसल्यासारखे बसायचे. त्याला कारण होतं. सात-आठ सालांमागं ह्याच पेपरात आलं होतं की गाठीचा ताप गोदाकाठानं वर सरकतोय, लोकांनी गावं सोडून रानात राहावं. तेव्हा सगळं गाव हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं पाटील हसले. पुढं घराघरात उंदीर मरून पडायला लागले तेव्हा हसू विरलं, पण उशीर झाला होता. पाटलांची बायको विमलबाई गेली, तिच्या पोटाशी असलेलं तान्हं मूलही गेलं. तेव्हापासून छापलेल्या अक्षरापुढं पाटील मान खाली घालत. पेपरानं उद्या सूर्य पश्चिमेला उगवणार म्हटलं असतं तर त्यांनी तोंड धुवायला परसाची बाजू बदलली असती.

पौषातल्या एका दुपारी तात्यांनी पान उलटलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. त्यांनी एकदा चंद्रभागाबाईंच्या दाराकडं पाहिलं. वाचलेलं गिळता येईना म्हणून मग ते हळू वाचू लागले.

"गेवराई तालुक्यातील सावरगव्हाण गावी ग्रंथिक सन्निपाताने भयंकर कहर केला असून, एकशेतीस घरांपैकी सत्त्याण्णव घरे साफ बसली, त्यांत दिवा लावण्यासही माणूस उरला नाही, असे विश्वसनीय रीतीने समजते."

ग्रंथिक सन्निपात म्हणजे तोच गाठीचा ताप, आणि सावरगव्हाण म्हणजे सरूचं सासर. चंद्रभागाबाईंना एकच लेक, सरस्वती. पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पंडितनं कालच गाडीला वंगण घातलं होतं आणि येत्या बुधवारी तिला आणायला निघायचं ठरलं होतं. हे साऱ्या पाराला माहीत होतं. कुणी हुरड्याला हात लावला नाही.

"नावं हायती का?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"न्हाईत, चंद्राबाई."

"मंग खोटं हाय," त्या म्हणाल्या आणि पाखडू लागल्या.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर हे त्या शहाणपणानं बोलल्या नव्हत्या. आईच्या जिवाला दुसरं काही बोलता येत नव्हतं, एवढंच. सुपातले दाणे केव्हाच खाली सांडले होते तरी त्या पाखडत होत्या. ते फक्त पंडितला दिसलं. तो उठून घरात गेला आणि रिकाम्या रांजणात उगाच डोकावून आला.

पाटलांनी त्याच संध्याकाळी हुकूम काढला. वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. सावरगव्हाणचं कुणी गावात यायचं नाही, आणि इथलं जो तिकडं जाईल त्यानं होळी होईस्तोवर गावकुसाबाहेर राहायचं. पंडितनं हात जोडले. पाटलांनीही हात जोडले.

"पंडित, मपलं घर म्या हसण्यावारी घालवलंय. गाव घालवायचं न्हाई मला."

पंडित खालमानेनं घरी आला.

दुसऱ्या दिवशी बंकट धनगर वेशीपाशी आला. त्याची मेंढरं रानोमाळ फिरायची, त्यामुळं दहा गावांची खबर त्याच्यापाशी असायची. काट्यांच्या पलीकडं काठीवर हनुवटी टेकून तो उभा राहिला आणि माणसं अलीकडं गोळा झाली. घोळक्याच्या मागं चंद्रभागाबाई होत्या.

"सावरगव्हाणच्या अंगानं आलास का बे?" कुणीतरी विचारलं.

"आलो की. गाव सुनं पडलंय. चुलीचा धूर न्हाई, कुत्रं भुंकत न्हाई. ह्या टोकापासून त्या टोकापस्तोर दाराला काट्या लावलेल्या. म्या मेंढरं लांबूनच काढली बाबा."

घोळक्यातून एक सुस्कारा निघाला. पेपरात आलेलं आता डोळ्यांनी पाहिलेलं झालं होतं. पंडित खाली बसला. चंद्रभागाबाई मात्र पुढं आल्या.

"बंकट, काट्या कुणी लावल्या रं?"

"आता ते मला काय ठावं?"

"मेलेली माणसं उठून दाराला काटी लावत्यात व्हय?"

चंद्रभागाबाई सांगत होत्या ते त्यांतल्या पोराटोरालाही माहीत होतं. माणसं रानात राहायला निघाली की दार ओढून घेतात आणि बाभळीची एक काटी आडवी लावतात. ढोरं-कुत्री आत शिरू नयेत म्हणून. काटी म्हणजे घरधनी बाहेर गेलाय, येणार आहे. ह्याच माणसांनी हजारदा तशी काटी लावली होती आणि काढली होती. पण आधी छापलेला आकडा ऐकला, मग काट्या ऐकल्या, आणि काट्यांचा अर्थच सगळे विसरून गेले.

"ती समदी रानात हायेत," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कुणीतरी शहाणा आला आसंल, त्यानं काट्या मोजल्या अन् मुडदे लिव्हले."

तात्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचला, जणू त्यात आता दुसरं काही सापडेल. पाटलांनी पागोटं सारखं केलं.

"वैनी, तुमी म्हंता तसं आसंलही," ते म्हणाले. "आकडा खोटा आसंल. पण ताप मेलेली माणसं आणत न्हाईत, जिती आणत्यात. वेस उघडायची न्हाई."

चंद्रभागाबाईंना राग आला, आणि पाटलांचं चुकत नाही म्हणून तो जास्तच आला. घरी येऊन त्यांनी पिठाचं गाठोडं बांधलं, डिंक, गूळ, सुंठ, जुन्या लुगड्याची धडपी. पंडित बघत राहिला.

"अगं, कुठं ठेवायचं तिला? गावात घेत न्हाईत."

"शिवंवरच्या वावरात आपली खोप हाय न्हवं? लेक आत येत न्हाई तर आई भाईर जाईल. तुमी गाडी जुंपता का मी जुंपू?"

पहाटे पंडितनं गाडी जुंपली. निघताना चंद्रभागाबाईंनी दार ओढलं, बाभळीची काटी आडवी लावली आणि मागं न बघता त्या गाडीत बसल्या. वेशीतल्या फांद्या दोघा गड्यांनी बाजूला केल्या आणि गाडी गेल्याबरोबर पुन्हा ओढून घेतल्या.

वाट दिवसभराची होती. गाव दिसेनासं होईपर्यंत चंद्रभागाबाईंचा ताठा टिकला. मग शेतं सुरू झाली, ज्वारी हुरड्यात आलेली, पाखरं राखणाऱ्यांचे आवाज, आणि बोलायला समोर पार नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण गावाला गप्प केलं, स्वतःला नाही. काटी म्हणजे माणसं रानात गेली, खरं. पण रानात गेलेली माणसं काय मरत नाहीत? सत्त्याण्णव घरं खोटी असतील. एक घर खरं असायला कितीसं लागतं? ते एक घर सरूचं असलं, तर बाकीचा आकडा खोटा निघून आपल्याला काय मिळणार?

"आवं," त्या म्हणाल्या, "मी लई बोलले का वो?"

पंडितनं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "तू बोललीस म्हणून निघालो तरी. मी एकटा आसतो तर बसलो आसतो पेपर ऐकत."

उन्हं कलली तेव्हा ते सावरगव्हाणात पोचले. बंकटनं सांगितलं होतं अगदी तसंच. रस्त्यात पाचोळा, दारोदार काट्या, आडावर दोरसुद्धा नाही. सरूच्या दाराशी गाडी थांबली. दाराला काटी होती. चंद्रभागाबाई उतरल्या, काटीकडं बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. "सरू!" दुसरी हाक पंडितनं मारली. आवाज भिंतींवर आपटून परत आला.

तेवढ्यात लांबून, ओढ्याच्या पल्याडून, कुणीतरी ओ दिली.

ओढा ओलांडल्यावर सगळं गाव दिसलं. शेतांच्या बांधांवर खोपी, पालं, वाळत घातलेली लुगडी, दावणीची जनावरं, धूर. पोरं गाडीमागं धावली. आणि एका खोपीपुढं सरू उभी होती, एक हात कमरेवर, पोट आधीहून पुढं आलेलं. चंद्रभागाबाई धावल्या नाहीत. त्यांनी जवळ जाऊन लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, खांद्यावरून फिरवला, पोटावर ठेवला, आणि मग खाली बसून रडल्या. इतकं सुख त्यांना सोसेना.

"आई, कावून रडतीस गं?"

"तुमची सत्त्याण्णव घरं मेली म्हणं! पेपरात आलंय!"

जावई मोहन तिथंच होता. तो म्हणाला, "आत्ता कळलं. एक घोड्यावरचा कारकून आलता. नाकाला रुमाल बांधलेला. गावात पाय टाकला न्हाई त्यानं, गल्लीच्या तोंडातून बोट करकरून दारं मोजली. आमी वावरातून हाका मारल्या, तर त्यानं घोड्याला टाच मारली. त्याला वाटलं आसंल, मेलेली माणसं हाका मारायलीत."

पंडितला हसू आवरेना. भोवती जमलेली माणसंही हसली. आपण मेल्याची बातमी माणसाला जिवंतपणी ऐकायला मिळते कुठं? चंद्रभागाबाईही डोळे पुसून हसायला लागल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "इहीणबाई कुठं हायेत? त्यांना सांगू द्या की पेपरात काय आलंय."

सरूनं मान खाली घातली. मोहन दुसरीकडं बघू लागला.

सरूच्या सासूबाई, वत्सलाबाई, गेल्या होत्या. महिनाही झाला नव्हता. ताप खराच आला होता, गाव खरंच घाबरून रानात आलं होतं, आणि त्याआधी जी गेली ती गेली. सरूनं ती बोटांवर मोजून सांगितली. सासूबाई. शेजारचा कुंभार आणि त्याचा भाऊ. लग्नात सरूची ओटी भरणारी साखराबाई. देवळातल्या गुरवाचा पोरगा. एका हाताची बोटं संपली आणि सरू थांबली. सत्त्याण्णव घरांपुढं हा आकडा म्हणजे काहीच नव्हता, पेपरानं छापलाही नसता. पण चंद्रभागाबाईंना एकेक तोंड दिसत होतं. वत्सलाबाईंनी गेल्या दिवाळीत त्यांना पानाचा डबा पुढं करताना म्हटलं होतं, इहीणबाई, नातू झाला तर मी ठेवून घेणार हां. नावं मागणं सोपं होतं. ऐकणं त्यांना फार जड गेलं.

सकाळी सरूला गाडीत बसवून ते निघाले. मोहन सावरगव्हाणच्या शिवेपर्यंत पोचवायला आला आणि म्हाताऱ्या बापापायी परत फिरला.

चकलांब्याच्या शिवेवरची खोप पाखरं राखायला बांधलेली होती, बाळंतिणीसाठी नव्हे. पंडितनं तिला तुराट्यांचे कूड लावले, शेणानं लिंपले, वर कडबा चढवला. तरी पहाटेचा गारवा सगळीकडून आत यायचा. शेजारणी पीठ-मीठ वेशीबाहेरच्या दगडावर ठेवून जायच्या आणि चंद्रभागाबाई किंवा पंडित ते घेऊन यायचे. काट्यांपलीकडून घोड्यावरच्या कारकुनाची गोष्टही गावात पोचली होती. कुणाला ताप आला नाही. पण सरूचे दिवस भरत आले, आणि आभाळही भरून यायला लागलं. माघातलं ते अवकाळी आभाळ बघून चंद्रभागाबाईंचा जीव टांगणीला लागला. अशा खोपीत पाऊस लागला तर ओल्या जमिनीवर पोर जन्माला येणार. पाटलांना विचारावं असं रोज मनात यायचं. पण होळी व्हायची होती, आणि पाटलांचं तोंड त्यांना आठवायचं.

एक दिवस त्या तेलाची बाटली आणायला वेशीपाशी गेल्या, तर पलीकडं पेपर चालला होता. फांद्यांच्या फटीतून पार दिसत होता. त्या तिथंच थांबल्या. विलायतेतली लढाई झाली, कापसाचा भाव झाला, आणि तात्या वाचता वाचता अडखळले.

"सदर साथ आता... चकलांबा गावीही शिरली असून, वेशीनजीकची दोन घरे बसल्याचे वृत्त आहे."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आपल्यातलं कोण मेलं ते शोधायला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दोन घरं? आपल्या गावात?"

"आवं, तो घोड्यावरचा! मागल्या पंधरवड्यात सडकेनं गेला न्हाई का नाक बांधून! वेशीभाईर थांबून काहीतरी खरडत होता!"

"त्यातलं एक घर मपलं!" बाहेरून चंद्रभागाबाई ओरडल्या. "काटी लावून गेले म्हणून मला मारली मेल्यानं!"

आता मात्र पार फुटला. तात्या हसता हसता खोकायला लागले. चकलांब्यातली माणसं त्या पेपरावर इतकी कधी हसली नव्हती. महिनाभर भीतीनं गुदमरलेलं गाव होतं ते, त्याला हसायला निमित्त पाहिजे होतं. चंद्रभागाबाईंनाही जुना हुरूप आला.

"अन् दुसरं घर कुणाचं वो तात्या? नाव न्हाई का? कोण मेलं आपल्यात?"

"कोण मेलंय रे? हात वर करा!" एकजण म्हणाला आणि पुन्हा हशा उठला.

हशा एका कडेनं विरू लागला. ज्याच्या लक्षात येई तो गप्प होई. बाहेर उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंना सगळ्यांत शेवटी कळलं, खरं तर ते त्यांच्या पाठीशीच होतं. वेशीबाहेर, सडकेला लागून, पाटलांचा मळा. मळ्यात दोन खणांचं घर. त्या साली ताप गावात शिरल्यावर पाटलांनी विमलबाईंना आणि बाळाला घाईघाईनं तिथं नेलं होतं. दोघं तिथंच गेली. पाटलांनी दार ओढून काटी लावली, ती तशीच होती. दरसाल जुनी काटी वाळून मोडायला आली की पाटील स्वतः जाऊन नवी लावत. गावाची नजर त्या घराला इतकी सरावली होती की ते कुणाला दिसतच नव्हतं. त्या कारकुनाला दिसलं.

पाटील उठले. कुणाकडं न बघता घराकडं चालू लागले. तात्यांनी पेपराची घडी घातली. चंद्रभागाबाई तेलाची बाटली छातीशी धरून खोपीकडं गेल्या. आपण काय बोलून बसलो ह्याची त्यांना इतकी लाज वाटली की पंडितनं दोनदा विचारूनही त्यांनी काही सांगितलं नाही.

सकाळी खोपीपासून चार कासऱ्यांच्या अंतरावर पाटील येऊन उभे राहिले. चंद्रभागाबाई डोईवरचा पदर सारखा करीत बाहेर आल्या. काल बोलल्याबद्दल काय म्हणावं ते त्या मनात जुळवत होत्या, पण पाटलांनी बोलू दिलं नाही.

"वैनी, आभाळ आलंय. खोपीत पोरीचं हाल व्हत्याल. मळ्यातलं घर हाय. गावकुसाच्या भाईरच हाय, म्हंजी हुकूम मोडत न्हाई कुणाचा."

"पाटील, त्या घरात..."

"त्या घरात काय झालं ते मला ठावं हाय की." ते थांबले. "काटी काढलीय म्या. कडुनिंबाची धुरी दिलीय. सारवायचं तेवढं राहिलंय, ते मला येत न्हाई."

त्यांच्या दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते. वाळलेली बाभळ फार वाईट लागते. चंद्रभागाबाईंनी मान डोलावली.

त्यांनीच जाऊन घर सारवलं. आतल्या खणात खुंटीला एक लहान झबलं लटकलेलं होतं, धूळ खाऊन मातकट झालेलं. त्यांनी ते धुवायला घेतलं, मग तसंच ठेवलं, मग पाटलांना हाक मारून दिलं. पाटलांनी ते उंबऱ्याबाहेरून घेतलं आणि बंडीच्या खिशात घातलं. आत ते आले नाहीत.

दुपारी सरूला गाडीतून आणली. गाडीच्या हेलकाव्यांनी असेल की दिवसच भरले होते म्हणून असेल, उतरतानाच तिला कळा सुरू झाल्या. पंडित वेशीकडं पळाला. छबुबाई सुईण फांद्यांपलीकडं येऊन उभी राहिली आणि पाटलांकडं बघू लागली. पाटील म्हणाले, "जा. तूही होळीपस्तोर तिकडंच राहा." ती म्हणाली, "राहते की, जेवू कोण घालणार तेवढं सांगा." पाटील घालणार होते. बाहेर पाऊस पडला, चांगला सडकून पडला, आणि त्या घराचं माळवद कुठं गळलं नाही.

उजाडता उजाडता सरूला मुलगी झाली.

चंद्रभागाबाई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा अंगणात चिखल होता आणि लिंबाखाली पाटील बसलेले होते. कधीपासून बसले होते कोण जाणे. सडकेवर तात्या उभे होते, कानाला उपरणं गुंडाळून, काय झालं ते ऐकायला आलेले. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं चंद्रभागाबाईंनी सांगितलं. पाटलांनी नुसतं "हां" म्हटलं. आतून पोरीचं रडणं यायला लागलं. मोठा खणखणीत आवाज होता. पाटील उठले, दारापर्यंत गेले, तिथं थोडे घुटमळले, आणि वाकून आत डोकावले. मग बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले.

तात्यांना गप्प राहवेना.

"पाटील, मी म्हणतो, पेपरवाल्यांना एक कार्ड टाकावं. गावाची उगाच बदनामी. चकलांब्यातली दोन घरं बसली म्हणून छापलंत, ते साफ चुकीचं आहे म्हणावं."

पाटील दारातून मागं वळले. डोळे पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"दोन न्हाई तात्या, एकच चुकलंय," ते म्हणाले. "दुसरं कालपस्तोर बरोबर होतं."